त्याच जागेत वा अन्यत्र

गुमास्ता खाली आहे, गल्ल्याच्या मागे,
काचेत. त्याला रोज उदबत्ती लागते.
वर यायला सतरा पायऱ्या, दोराला धरून,
शेवटची निम्मी फुटलेली.
तिच्यावर पाय द्यायचा नाही, हे
नव्या बाईला पहिल्या दिवशी सांगतात.
पगार नंतर सांगतात.

खाली एसी, गाद्या, आरसे, गिऱ्हाईक.
वर टिनं. मे महिन्यात दुपारी
टिनं तडतडतात फुटाण्यासारखी.
आम्ही चौघी: शेवंता, पुष्पकला, रुकसाना, मी.
मोबाइलवर विकलेल्या साडीची घडी मोडायची,
डाग नाही ना बघायचं,
पुन्हा घडी, पिशवी, पत्ता.
चिमूर. बालाघाट. कुठलं तरी होसूर.
गिऱ्हाइकाचं तोंड आम्हाला ठाऊक नाही.
पिनकोड पाठ आहेत.

मडावी मॅडम आल्या तेव्हा
मी चिकटपट्टीचं टोक शोधत होते नखानं.
पूर्वी त्यांना इन्स्पेक्टर म्हटलं असतं,
आता कार्डावर सुविधाकार.
घामानं भिजलेल्या, काखेत वही,
फुटक्या पायरीवरच पाय पडला आणि थोडक्यात वाचल्या.
त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मागोमाग उमरेडकर भाऊ.
"खाली सहा आहेत मॅडम. सहाच.
हे दुकान नाही जी, गोदाम आहे.
इथं कोणी घ्यायले येत नाही."
"आणि ह्या?"
"ह्या, मदतीले."

मी बारा वर्षं मदतीला आहे.

मॅडमनी वही न उघडता म्हटलं,
पाढा म्हणावा तसं:
माल विकतात ते दुकान,
किरकोळ असो की ठोक,
आणि त्या धंद्याच्या कामी येणारी
कोठी, गोदाम, वखार, कचेरी,
त्याच जागेत असो वा अन्यत्र.
मग त्यांचं बोट आमच्यावरून फिरलं,
सात, आठ, नऊ,
माझ्यापाशी थांबलं.
"दहा. दहाला कायदा पुरा लागतो, भाऊ."

भाऊंनी रुमाल काढला.
"दहा झालं तं काय होते वो?" शेवंता कुजबुजली.
हजेरी होते, रुकसाना म्हणाली, भरपगारी सुट्टी होते,
जास्तीच्या तासाले दुप्पट.
पुष्पकलानं फक्त एवढंच विचारलं,
"मंग मले खालची मोरी वापरू देतीन का?"

"नाव?"
कौतिका पराते.
"कामाची जागा?"

इथं मी अडले.
कारण रात्री नऊनंतर तांडापेठेत
माझ्या बाजेवर ह्याच दुकानाच्या बारा साड्या असतात.
फॉल लावायचा. नगाला अठरा रुपये.
सासरे ज्या खड्ड्यात पाय सोडून माग चालवत
त्याच्यावर फळी टाकलीय,
फळीवर माझी मशीन.
जोरात चालवली की खालून पोकळ वाजतं.
सुईत दोरा रेणू ओवते, मला दिसत नाही म्हणून.
सातवीत आहे. झोपते तेव्हाही
बोटाला दोरा गुंडाळलेला असतो,
ज्या रंगाची शेवटची साडी, त्या रंगाचा.

म्हणजे बाज पण दुकान का?
तिथंही काचेत कागद टांगायचा?
आणि रेणू?
सातवीतली पोरगी अकरावी धरायची का?

"बाई, कामाची जागा?"
खाली गिऱ्हाईक खळखळून हसलं.
भाऊ माझ्याकडे बघत होते,
दिवाळीच्या डब्याच्या वेळी बघतात तसे, मायेनं.
"इथंच," मी म्हटलं. "वरचा मजला."

मॅडमनी लिहिलं.
मग पेन थांबलं. माझ्या बोटांवर
सुईची भोकं होती, पॅकिंगला सुई लागत नाही.
त्या काही बोलल्या नाहीत.
पान दुमडून ठेवलं कोपऱ्याला,
वही काखेत मारली आणि वळल्या.

"मॅडम," मी ओरडले,
"पहिली पायरी सोडा!
चढताना शेवटची असते थे."